पहिली गिअरची गाडी कोणती घेऊ?

नवा_गडी: मंडळी, आत्तापर्यंत फक्त ॲक्टिव्हा चालवलीये. रोजचं हडपसर ते हिंजवडी, उंची ५ फूट ४. मित्र म्हणतात घेतोयस तर सरळ रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घे, घरचे म्हणतात स्प्लेंडर. काय करू?

सातारी_कंदी: घरच्यांचं ऐक बाबा. स्प्लेंडर ११२ किलोची, क्लासिक १९५ च्या आसपास. पळताना वजन कळत नाही रे, कळतं ते पार्किंगमध्ये उताराकडं तोंड करून लावलेली गाडी पायानं मागं ढकलताना, त्यात खाली खडी असली तर बघायलाच नको. आणि मगरपट्ट्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून मनगट जातं ते वेगळंच.

घाटवाट: स्प्लेंडरचा सहा महिन्यांत कंटाळा येईल, माझं मत हां. होंडाची १२५ सीसीची शाईन नाहीतर एसपी बघ, पुढं डिस्क ब्रेकवालीच घे. १२५ च्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ देत नाही ते) सक्तीचं आहे, त्या नियमात १२५ पर्यंतच्यांना सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो ते) चालायचं, त्यामुळे पावसात जास्त फिरणार असशील तर १५०-१६० कडे जा. शोरूममध्ये नुसता बसू नको, दोन्ही टाचा टेकतायत का बघ.

पाना_पक्कड: ते सगळं नंतर, आधी खिशातलं लायसन्स काढून त्यावर काय लिहिलंय ते बघ. स्कूटरवर टेस्ट दिली असशील तर ते विदाऊट गिअरचं असणार, मग गिअरसाठी परत लर्निंग काढावं लागतं. उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच विचारतात.

नवा_गडी: विदाऊट गिअरच निघालं राव 😅 शनिवारी शाईन बघून येतो.