४.३ बीएसडीवर चालू प्रोग्रामात .ओ फाइल कशी चढवायची?

अर्धवट_पोर्ट

सिमएच या एम्युलेटरवर व्हॅक्स (डीईसीचा जुना संगणक), त्यावर ४.३ बीएसडी ही जुनी युनिक्स आणि त्यात मीच लिहिलेला एक छोटा इंटरप्रिटर, असा संसार आहे. एक नवीन फंक्शन घालायचं म्हटलं की सगळा प्रोग्राम पुन्हा लिंक करा. कंटाळलो. चालू प्रोग्रामात लायब्ररी चढवणारं डीएलओपन शोधलं तर त्याचं मॅन पानच (मदतीचं पान) नाही.

मग हातानंच करायला घेतलं. मॉड्यूलची .ओ फाइल (कंपाइल झालेली, पण अजून लिंक न केलेली) उघडली, पहिले ३२ बाइट हेडरचे म्हणून सोडले, पुढचं सगळं मॅलॉकनं मागून घेतलेल्या मेमरीत वाचलं आणि फंक्शन पॉइंटर लावून थेट उडी. दोन आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन झकास चाललं! त्याच फंक्शनात एक प्रिंटएफ घातला आणि प्रोग्राम कोसळून कोअर डंप. मेमरीला एक्झिक्यूटची परवानगी नाही म्हणावं, तर मग बेरीज झाली कशी?

अष्टमान

बेरीज चालली तिथेच तुमचा घात झाला. पहिल्याच फटक्यात पडली असती तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

परवानगीचा प्रश्नच नाही. व्हॅक्सच्या पेज प्रोटेक्शनमध्ये एक्झिक्यूटचा वेगळा बिट नसतो. जे वाचता येतं ते चालवताही येतं. अडलंय ते रिलोकेशन, म्हणजे कोडातले पत्ते खऱ्या जागेप्रमाणे दुरुस्त करणं. बेरजेच्या फंक्शनला बाहेरचं कुणी लागत नाही, म्हणून ते कुठेही टाका, चालतं. प्रिंटएफ कुठे आहे हे मात्र .ओ फाइलला ठाऊकच नसतं. तिथे अर्धवट आकडा असतो आणि तो दुरुस्त करायची यादी फाइलच्या शेवटाकडे असते. ती यादी तुम्ही वाचलीत, पण नुसते बाइट म्हणून.

डीएलओपन इथे सापडणार नाही. ते पुढे सनओएस ४ च्या काळात आलं; ४.३ बीएसडी १९८६ ची, तिच्यात शेअर्ड लायब्ररी हा प्रकारच नाही. पण रिलोकेशन स्वतः लिहीत बसू नका. लिंकरलाच (एलडी) कामाला लावा. फ्रान्झ लिस्प (बीएसडीवरचा लिस्प इंटरप्रिटर) सीचं कंपाइल झालेलं फंक्शन असंच आत ओढायचं:

एलडी -एन -एक्स -ए मूळप्रोग्राम -टी पत्ता -ई _सुरू -ओ तात्पुरती मॉड्यूल.ओ -एलसी

(एन, ए, टी कॅपिटल, बाकीची स्मॉल.) ‘-ए’ म्हणजे या फाइलचं सिंबॉल टेबल (नावं आणि त्यांचे पत्ते) आधीच मेमरीत आहे असं धर आणि फक्त नवीन माल बांध. म्हणून मूळ प्रोग्रामवर स्ट्रिप (हे टेबल काढून टाकणारी कमांड) चालवलेलं नको. ‘-टी’ला पत्ता हेक्समध्ये. ‘_सुरू’ हे तुमच्या फंक्शनचं नाव; त्याच्या आधीचा अंडरस्कोर कंपायलर लावतो, तो विसरलात तर लिंकर ‘अनडिफाइन्ड’ म्हणून ओरडेल.

आता गंमत. पत्ता द्यायला जागा हवी, जागा घ्यायला आकार हवा आणि आकार लिंक केल्याशिवाय कळत नाही. कारण लिबसी या सीच्या लायब्ररीमधून काय काय मागे चिकटून येईल ते .ओ फाइलवरून दिसत नाही. म्हणून लिंक दोनदा करायचं. एकदा कुठलातरी पत्ता देऊन, आणि हेडरमधले ए_टेक्स्ट (कोड), ए_डेटा (डेटा), ए_बीएसएस (शून्यापासून सुरू होणारा डेटा) या आकारांची बेरीज करायची. तेवढी जागा घ्यायची (मी १०२४ च्या पटीत गोल करतो), मग खरा पत्ता देऊन पुन्हा. वेडगळ वाटतं, पण पुढे बीएसडीचं कर्नल मॉड्यूल चढवणारी मॉडलोड कमांडही हेच करायची.

दुसऱ्या लिंकच्या फाइलचे ३२ बाइट सोडा, टेक्स्ट आणि डेटा त्या पत्त्यावर रीडनं थेट वाचा, पुढचे ए_बीएसएस बाइट स्वतः शून्य करा. हे शून्य करणं मी एकदा विसरलो होतो आणि एक स्टॅटिक काउंटर लाखांपासून मोजायला लागला होता. फंक्शनचा पत्ता ए_एंट्रीत मिळेल. तिथले पहिले दोन बाइट इन्स्ट्रक्शन नसून रजिस्टर मास्क (कुठली रजिस्टरं जपायची त्याची खूण) असतात, डंप बघून दचकू नका.

मेकफाइल

प्रत्येक वेळी एलडी चालवणं जड वाटत असेल तर डब्ल्यू. विल्सन हो यांची डीएलडी लायब्ररी बघा. ती लिंकिंग प्रोग्रामच्या आतच करते, मॉड्यूल काढूनही टाकता येतं, आणि व्हॅक्सवर चालते. पुढे एचपी-यूएक्स या दुसऱ्या युनिक्सवर न्यायचं असेल तर तिथे एसएचएल_लोड, एआयएक्सवर लोड. पर्ल भाषेच्या डायनालोडरमध्ये (मॉड्यूल चढवणारा भाग) वेगवेगळ्या सिस्टिमसाठी वेगळी फाइल का आहे ते तेव्हा कळतं.

अर्धवट_पोर्ट

अष्टमानराव, चाललं! प्रिंटएफही बोलला. पण आता नवीनच भानगड. पहिलं मॉड्यूल यादृच्छिक आकड्यांचं बी पेरणाऱ्या एसरँडला वेळ देऊन सुरुवात करतं, दुसरं ते आकडे देणारं रँड वापरतं. दुसऱ्याला दर वेळी तेच आकडे, त्याच क्रमानं.

अष्टमान

तुमच्या मूळ प्रोग्रामात रँड नसणार. एनएम (सिंबॉलांची यादी दाखवणारी कमांड) लावून बघा. म्हणजे दोन्ही मॉड्यूलांनी लिबसीतून आपापली प्रत आणली, आणि बी पेरलं ते भलत्याच वाफ्यात.

दुसरं मॉड्यूल बांधताना ‘-ए’ला मूळ प्रोग्राम देऊ नका, पहिल्या मॉड्यूलची ती तात्पुरती फाइल द्या. तिच्या टेबलात जुने-नवे सगळे सिंबॉल असतात. तिसऱ्याला दुसऱ्याची, अशी साखळी. शेवटची फाइल मात्र प्रोग्राम चालू असेपर्यंत पुसू नका.

अर्धवट_पोर्ट

एनएममध्ये _रँड खरंच नव्हता. साखळी लावली, आकडे बदलले. आता एलडीचा रिटर्न कोड तपासायचं तेवढं राहिलंय, काल फसलेल्या लिंकची फाइलच चढवून बसलो होतो.