हँडल: इंग्रजीचा आळस की फ्रेंचांचा नखरा?

कान_तुटका_कप
धागा रागातच काढतेय, आधीच सांगून ठेवते. मी भांड्यांचे आणि अवजारांचे कॅटलॉग इंग्रजीतून फ्रेंचमधे करून देते, पुण्यात घरी बसून. परवा एक चाळीस पानी काम लाल होऊन परत आलं. झालं काय, की इंग्रजीत जिथे जिथे हँडल होतं तिथे मी डोळे मिटून 'प्वान्ये' ठोकलं होतं, आणि तिकडच्या बाईंनी एकेक खोडून वर लिहिलं होतं. हातोडीला मांश. सूटकेसला प्वान्ये, ते तेवढं बरोबर. चहाच्या कपाला आंस. सॉसपॅनला कऽ, म्हणजे शेपूट, आपण रांगेला क्यू म्हणतो ना तोच शब्द. कॉफी दळायच्या हातगिरणीला मानिव्हेल. सायकलचं हँडल तर गिदों, त्याचा हाताशी काही संबंधच नाही.

दोन दिवस चरफडले आणि मग लक्षात आलं की बाई बरोबर आहेत आणि चूक मूळ इंग्रजीची आहे. इंग्रजीने काय केलं, हाताने धरायचं ना, मग म्हणा हँडल, विषय संपला. फ्रेंच आधी विचारतो की हात कसा धरतो? लांब दांड्यावर हात पुढेमागे सरकतो, तो मांश. मूठ वळते, ते प्वान्ये. आणि गंमत बघा, प्वान्येचा दुसरा अर्थ मूठभर, तांदूळबिंदूळ. आपली मूठ पण तीच की! हाताची मूठ, मूठभर तांदूळ, तलवारीची मूठ. आणि बोटं आत घालायची गोल कडी असेल तर आंस. म्हणजे दांडा, मूठ, कान. माझ्या आजीला हा कॅटलॉग दिला असता तर तिने एक चूक केली नसती, माझी मात्र झाली कारण मी शाळेपासून हँडल हँडल करत वाढले. तेव्हा माझं मत: या बाबतीत इंग्रजी दरिद्री भाषा आहे. आता हाणा.

माळ्यावरचा_टिकाव
हाणतो. ताई, कॅटलॉग लिहिणारा आळशी होता म्हणून भाषा दरिद्री ठरवता तुम्ही, हा कुठला न्याय? इंग्रजीत कुऱ्हाडीच्या दांड्याला हेल्व्ह आहे, चाकूच्या मुठीला हाफ्ट, तलवारीच्या मुठीला हिल्ट, भाल्याला शाफ्ट, बंदुकीला स्टॉक, बादलीच्या कडीला बेल, आणि गवत कापायच्या त्या लांब विळ्याचा वाकडा दांडा असतो ना त्याला एकट्याला स्नॅथ असा स्वतंत्र शब्द आहे. त्या एका अवजाराच्या एका दांड्याला! दरिद्री म्हणे. शब्द आहेत, ती अवजारं धरणारे हात गिरण्यांमधे गेले म्हणून शब्द माळ्यावर गेले. भाषेचा काय दोष त्यात.

कान_तुटका_कप
माळ्यावर गेले हेच तर म्हणतेय मी! हेल्व्ह डिक्शनरीत आहे हो, लंडनच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन हेल्व्ह मागून बघा. आंस मात्र फ्रान्समधलं शाळकरी पोर पण बोलतं.

माळ्यावरचा_टिकाव
बरं मग म्हण ऐका. फ्रेंचमधे म्हणतात, कुऱ्हाडीमागून दांडाही फेकून दिला, म्हणजे एक नुकसान झालं म्हणून वैतागून उरलंसुरलंही सोडून दिलं. हीच म्हण इंग्रजीत आहे आणि त्यात हँडल नाही, हेल्व्ह आहे. गाडी सुटली म्हणून तिकीट फाडून टाकणारे असतात ना, त्यातला प्रकार.

लियोंकर
लियोंमधे अकरा वर्षं काढली, म्हणून दोन शब्द. पहिला शब्द ताईंच्या विरोधात. फ्रेंचांना एवढं डोक्यावर घेऊ नका. माझी शेजारीण सॉसपॅनच्या दांड्याला बिनधास्त मांश म्हणते, शेपूटवालं कऽ जुन्या स्वयंपाक्यांच्या आणि म्हणींच्या तोंडी जास्त (तव्याची शेपूट ज्याच्या हातात तो घरचा कारभारी, असं म्हणतात). आणि टेफालचं ते काढघाल करायचं हँडल येतं, एकाच हँडलवर चार भांडी, त्याच्या खोक्यावर चक्क प्वान्ये छापलेलं असतं. तुमच्या बाईंच्या हिशेबाने तव्याला प्वान्ये चूक, पण कंपनीच विकतेय. सगळीकडे लोक सोयीचं बोलतात.

दुसरा शब्द ताईंच्या बाजूने, कारण खोटं कशाला बोलू. घराच्या दाराचं हँडल मोडलं म्हणून दुकानात गेलो, म्हटलं प्वान्ये द्या. दुकानदार म्हणाला, बेकिय की बूतों? बूतों म्हणजे गोल बोंडं, पकडून फिरवायचं. बेकिय म्हणजे आडवी दांडी, खाली दाबायची. पण बेकिय म्हणजे तर कुबडी! पाय मोडल्यावर काखेत घेतात ती. मी दारात उभा राहून विचार करतोय की याला माझ्या पायाचं काय कळलं. तर लोहार आणि कुलूपवाल्यांच्या धंद्यात दाराच्या आडव्या हँडलला कुबडीच म्हणतात. सायकलच्या स्टँडलाही तेच. शब्द कमी नाहीत, उलट जिथे नको तिथे पण आहेत.

काय_चाललंय_काय
दाराच्या कडीवरून इतकी चर्चा? लोकांना ऑफिस नसतं का

लियोंकर
ऑफिसातूनच लिहितोय.

बाभळीचा_दांडा
मला ना इंग्रजी येतं ना फ्रेंच पण दांडा येतो म्हणून लिहितो. तुम्ही लोक दांडा म्हणजे नुसती धरायची जागा समजता, ते तसं नसतं. कुऱ्हाडीला बाभळीचा दांडा घालायचा तर वाळलेलं लाकूड लागतं, ओलं घातलं तर वाळल्यावर आकसतं आणि पातं हलायला लागतं. भोकापेक्षा टोक थोडं जाड ठेवायचं, तासून तासून बसवायचं, मग वरून चिरेत पाचर मारायची. घावाला पातं उडालं तर समोरच्याचं डोकं जातं, चेष्टा नाही. आमच्याकडं पातं हलायला लागलं की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात, लाकूड फुगतं आणि दुसऱ्या दिवसापुरतं काम भागतं. कायमचा इलाज पाचरच. तर माझा प्रश्न असा की तुमच्या त्या फ्रेंचमधे दांडा घालायला क्रियापद आहे का? नुसती नावं काय कामाची.

कान_तुटका_कप
दादा, आहे! मांशवरूनच आहे, आँमांशे, म्हणजे दांडा बसवणं, आणि एखादं काम सुरुवातीलाच बिनसलं तर म्हणतात दांडा नीट बसत नाहीये. आणि कुणाची खुर्ची डळमळीत असेल तर तो 'दांड्यात हलतोय', म्हणजे तुमचं ते पातं हलणं. इंग्रजीत पण फ्लाय ऑफ द हँडल आहे, डोकं फिरणं, पातं दांड्यावरून उडतं तसं. हे इंग्रजीला दिलं बाबा मी, एक गुण.

माळ्यावरचा_टिकाव
एक गुण दिलात, उपकार. आता इंग्रजीतला लग हा शब्द बघा. स्कॉटलंडमधे लग म्हणजे कान. आणि भांड्याच्या बाजूला जो धरायचा छोटा कान असतो तोही लग. तेव्हा कपाचा कान म्हणणारे फक्त आपण मराठी लोक आणि आपली आजी, हा भ्रम काढून टाका.

वायरमन_नाना
आयला! केबलच्या टोकाला लग मारतो आम्ही तोच का हा? तीस वर्षं लग मारतोय, कान मारतोय हे आज कळलं.

माळ्यावरचा_टिकाव
तोच नाना.

लियोंकर
कान फ्रेंचांकडे पण आहेत. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचा पश्चिमेचा भाग, तिथे सकाळच्या कॉफीचे वाडगे मिळतात, मातीचे, वर निळी पट्टी, पुढे माणसाचं नाव रंगवलेलं आणि दोन्ही बाजूंना चपटे दोन कान. त्याला आंस नाही म्हणत, ओरेय म्हणतात, सरळ कान. बोट आत जात नाही, नुसतं चिमटीत धरता येतं, म्हणून आंस नव्हे. हे मला ताईंच्या थिअरीत बसतं असं वाटतं, पण टिकावरावांच्या पण बसतं.

रात्रपाळीचा_डॉक्टर
मधेच घुसतो. आंस लॅटिनमधल्या आन्सा वरून, आणि किडनीतला जो हेन्लेचा फास आपण शिकतो त्याला फ्रेंच पुस्तकात आंस द हेन्ले म्हणतात, कपाच्या कानासारखा वळलेला म्हणून. छातीच्या मधल्या हाडाचा वरचा भाग मॅन्युब्रिअम, म्हणजे लॅटिनमधे मूठ, कारण ते हाड तलवारीसारखं दिसतं असं जुन्या लोकांना वाटलं. आणि कानातलं हातोडी हाड, त्याच्या दांड्याला इंग्रजीत हँडल आणि फ्रेंचमधे मांश. थोडक्यात तुमच्या कानातही दांडा आहे. चला, राउंडला जातो.

मिरजेची_तार
गिटारची मान फ्रेंचमधे मांश असते, माहितीये का? इंग्रजी म्हणतं नेक, मान. आपण सतारीला दांडी म्हणतो. इथे पण फ्रेंच आपल्या बाजूला. पण ताई, यावरून काही सिद्ध होत नाही हं, इंग्रजांना वाद्य माणसासारखं दिसलं, आपल्याला अवजारासारखं, एवढंच. नेक जास्त सुंदर आहे असं माझं प्रामाणिक मत.

कान_तुटका_कप
सुंदर असेल, पण पकडायचं कुठे ते नाही सांगत. आणि मांशवरून एक सांगायचं राहिलं. ल मांश पुल्लिंगी म्हणजे दांडा, ला मांश स्त्रीलिंगी म्हणजे बाही. दोन्हीचं मूळ लॅटिनमधला हात. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधे जे पाणी आहे, ज्याला इंग्रज आपल्या नावाने इंग्लिश चॅनल म्हणतात, त्याला फ्रेंच ला मांश म्हणतात, बाही. लिंग चुकलं की इंग्रजांचा चॅनल पोहून जायच्या ऐवजी तुम्ही दांडा पोहून जाता. माझं झालंय हे, पहिल्या वर्षी, भर वर्गात. बाईंनी जोरात 'केल मांश!' म्हटलं, नंतर कळलं की त्याचा अर्थ काय हा दांडा, म्हणजे ठोंब्या.

माळ्यावरचा_टिकाव
बघा, तिथेही दांडाच वाईट. आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, लाकडाचाच दांडा आणि लाकडावरच उठलेला. आणि फ्रेंच माणूस जिंकणाऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला की म्हणतात तो दांड्याच्या बाजूला आहे. फितुरी सगळीकडे दांड्याकडूनच.

आता माझा शेवटचा मुद्दा. तुमच्या आजीला दांडा, मूठ, कान, कडी, जात्याचा खुंटा, नांगराचं रुमणं एवढं येत होतं. तुम्हाला येतं का? तुम्ही घरात बादलीचं हँडल म्हणता की कडी? खरं सांगा.

कान_तुटका_कप
हँडल 😐

माळ्यावरचा_टिकाव
मग दरिद्री कोण, इंग्रजी का?

कान_तुटका_कप
बरं, टोमणा पोचला. पण याचा अर्थ इतकाच की इंग्रजीचा आळस मला लागलाय, म्हणजे माझा मुद्दा जागेवरच आहे. मी मागे हटत नाहीये.

तेवढ्यात कॅटलॉगचं ३१ नंबरचं पान राहिलंय, मदत करा. दोन कानांच्या कढईला बाईंनी दोन आंस असं लिहून दिलंय, ते ठीक. पण पुढे सांडशी आहे. इंग्रजीवाल्याने तिथे पण युटिलिटी हँडल लिहिलंय, देवा.

बाभळीचा_दांडा
बरोबरच आहे की. पातेल्याला कान नसतो, सांडशी हाच त्याचा कान. लागेल तेव्हा लावायचा, नको तेव्हा खुंटीला.

लियोंकर
आई इथे आली होती तेव्हा मी मोठ्या कौतुकाने तिला ते टेफालचं काढघाल हँडल दाखवलं, खटकन लावलं, खटकन काढलं. ती म्हणाली, अरे ही तर सांडशी. तेव्हा प्वान्ये आमोव्हिब्ल लिहा, म्हणजे काढता येणारी मूठ.

माळ्यावरचा_टिकाव
चूक. चिमट्याला फ्रेंचमधे पँस म्हणतात, सांडशीला दोन पाय आहेत, ती पँस. हँडलच्या नादात आता सांडशीला मूठ करू नका.

कान_तुटका_कप
पँस लिहून पाठवलं आत्ताच. लाल होऊन आलं तर टिकावराव, तुमचं नाव सांगेन बाईंना.