स्त्री-आरोग्यावर रिसर्च करणारे दिवसभर नक्की काय करतात? (मी डॉक्टर नाही)

शून्यकोन:
स्टॅटिस्टिक्समधे एमएससी केलंय, दोन वर्षं विमा कंपनीत आकडे घासतेय, आता वीट आलाय. पब्लिक हेल्थ करून बायकांच्या आरोग्यावर रिसर्च करावा असं डोक्यात घोळतंय पण मला रक्त बघून चक्कर येते, घरचे म्हणतात तुला तिथे विचारतंय कोण. या लाइनमधे कोणी आहे का इथे? डॉक्टर नसलेल्यांना खरंच जागा असते की नुसती टेबलं बनवून द्यायची आणि पेपरवर नाव कुठेतरी मधे?

फील्डवाली:
मीही डॉक्टर नाही, सोशल वर्क करून आले, अकरा वर्षं झाली. जागा असते. पण टेबलं बनवण्याआधी चार-सहा महिने फील्डवर काढ, हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणाला आवडत नाही. आमच्या एका सर्व्हेत प्रश्न होता, गेल्या तीन महिन्यांत काही आजार? एक बाई नाही म्हणाली, मी टिक केलं, पुढचे चाळीस प्रश्न उरकले, चपला घालत होते तर ती दारापर्यंत आली आणि हळूच विचारते, अंगावरून पांढरं जातं ते आजारात धरायचं का? दोन वर्षं जात होतं!! परत येऊन प्रश्नच बदलला, घरातलं कोणी शेजारी बसलं असेल तर तो भाग नंतर एकटीला विचारायचा असं ठरवलं, आधीचे दीडशे फॉर्म बाद. मॅडम भयंकर चिडल्या. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीवरचा १९८९ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर वाच, ६५० बायका तपासल्या, ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. नुसतं दवाखान्याचं रजिस्टर घेऊन बसले असते तर या बायका सापडल्याच नसत्या.

पीव्हॅल्यू_पुराण:
ताई, स्टॅट्सवाल्या पोरीला घाबरवू नका हो :) अमेरिकेत नर्सेस हेल्थ स्टडी १९७६ ला सुरू झाला, १,२१,७०० नर्सेस, पोस्टाने प्रश्नावल्या. त्यात पाळी गेल्यावर हार्मोन घेणाऱ्यांना हार्टचा त्रास कमी दिसला, सगळे खूश. मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या तिथल्याच दुसऱ्या अभ्यासाने बायका चिठ्ठी टाकल्यासारख्या रँडम वाटून काहींना खऱ्या, काहींना खोट्या गोळ्या दिल्या तर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या दोन हार्मोनची ट्रायल २००२ मधे मुदतीआधीच थांबवायला लागली, ब्रेस्ट कॅन्सर वाढला आणि हार्टला फायदा तर सोडाच, उलटंच. आता गंमत बघ, ट्रायलमधल्या बायकांचं सरासरी वय ६३ आणि नर्सेसनी बहुतेक पाळी जाते त्याच सुमाराला गोळ्या सुरू केलेल्या, म्हणजे आपण एकच प्रश्न समजत होतो ते दोन निघाले. हा गुंता सोडवण्यात स्टॅट्सवाल्यांचाही मोठा हात आहे. विम्यात लाइफ टेबल (कोणत्या वयात किती जण जातात त्याचा तक्ता) केलीच असशील, इथे तेच, फक्त मरणाच्या जागी गर्भ राहणं, पाळी जाणं, दुखणं उलटणं.

काँट्रॅक्ट_संपतंय:
पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ग्रँट संपली की नोकरी संपली, पुढची मिळेपर्यंत घरी बसा. आणि बाळंतपण सोडून दुसरं काही, मेनोपॉज, एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा पापुद्रा बाहेर वाढतो तो आजार) वगैरे काढलंस तर माझा तरी अनुभव असा की निधीवाले नुसती मान डोलावतात. तरी सोडवत नाही ते वेगळं.

शून्यकोन:
थँक्यू सगळ्यांना. सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस (एखादी घटना घडायला किती काळ लागतो त्याचा हिशोब) येतं मला. एक बारीक शंका, डब्ल्यूएचओच्या व्याख्येत मातामृत्यू म्हणजे गरोदरपणाशी संबंधित कारणाने, गरोदरपणात किंवा ते संपल्यावर ४२ दिवसांच्या आत झालेला मृत्यू. मग त्याच कारणाने ४३ व्या दिवशी गेलेली बाई कुठे मोजतात?

फील्डवाली:
लेट मॅटर्नल डेथमधे, वर्षाच्या आत असेल तर. वेगळा कोड आहे, नेहमीच्या आकड्यात ती येत नाही. आणि तेही नोंद करणाऱ्याला ती बाळंतीण होती हे ठाऊक असेल तर, बऱ्याचदा कोणी विचारलेलंच नसतं.