मदत हवी आहे: घरंगळणाऱ्या वृत्तचितीच्या उदाहरणात दोन उत्तरे का येतात?

नमस्कार. मी बारावीला असून भौतिकशास्त्रातील घूर्णन गतीच्या प्रकरणात अडकलो आहे. सूत्रे पाठ आहेत आणि सोडवून दिलेली उदाहरणे वाचताना प्रत्येक पायरी पटते. परंतु काल एकच उदाहरण दोन मार्गांनी सोडवले, दोन निराळी उत्तरे आली आणि त्यांतले चुकीचे कोणते हे मला सांगता येईना.

उदाहरण असे आहे. ३ किलोग्रॅम वस्तुमानाची भरीव वृत्तचिती ३० अंशांच्या उतारावर १ मीटर उंचीवरून सोडली असता ती न घसरता घरंगळत खाली येते. तळाशी तिचा वेग किती असेल? उताराची लांबी २ मीटर होते. गुरुत्वत्वरण ९.८ धरले आहे.

प्रथम बलांची समीकरणे मांडली. गुरुत्वबलाचा उताराच्या दिशेचा घटक १४.७ न्यूटन आणि त्याच्या विरुद्ध घर्षण. शिवाय घर्षणाच्या आघूर्णामुळे (बलाच्या फिरवण्याच्या परिणामामुळे) मिळणारे कोनीय त्वरण, म्हणजे फिरण्याचा वेग वाढण्याचा दर. यावरून घर्षण ४.९ न्यूटन आणि तळाशी वेग ३.६१ मीटर प्रति सेकंद आला. नंतर ऊर्जेचा मार्ग घेतला. सुरुवातीची स्थितिज ऊर्जा २९.४ ज्यूल. घर्षण ४.९ न्यूटन असून ते २ मीटर अंतरावर विरोध करते, म्हणून ९.८ ज्यूल वजा केले आणि उरलेले १९.६ ज्यूल रेषीय व घूर्णन या दोन्ही गतिज ऊर्जांच्या बेरजेइतके मानले. वेग २.९५ आला. उत्तरसूचीत ३.६१ आहे, पण ९.८ ज्यूल वजा करण्यात चूक काय, हे मला समजत नाही. घर्षणामुळे ऊर्जा खर्च होते असेच आम्ही शाळेत शिकत आलो आहोत.

दुसरा प्रश्न अभ्यासाविषयीचा आहे. परीक्षेला थोडेच महिने उरले असताना अधिकाधिक उदाहरणे सोडवावीत, की अशा एकेका शंकेपाशी थांबावे?

उत्तर

तुमची शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. बल जेथे लागते, तो पदार्थाचा बिंदू सरकला तरच ते बल कार्य करते. न घसरता घरंगळताना वृत्तचितीचा जो बिंदू उताराला टेकलेला असतो तो त्या क्षणी स्थिर असतो, कारण केंद्राबरोबर पुढे जाण्याचा त्याचा वेग आणि फिरण्यामुळे मागे जाण्याचा वेग समान व विरुद्ध असतात. पुढच्या क्षणी त्याची जागा दुसरा बिंदू घेतो, तोही स्थिरच. त्यामुळे हे घर्षण स्थितिक, म्हणजे न घसरणाऱ्या पृष्ठभागांमधले, आहे आणि त्याने केलेले एकूण कार्य शून्य आहे.

मग तुम्ही काढलेले ९.८ ज्यूल खोटे आहेत का? नाहीत, आणि या उदाहरणातील सर्वांत सुंदर भाग मला हाच वाटतो. तळाशी रेषीय गतिज ऊर्जा १९.६ ज्यूल आणि घूर्णनाची ९.८ ज्यूल असते, हे स्वतः पडताळून पाहा. घर्षणाने केंद्राच्या गतीतून जेवढे काढून घेतले, नेमके तेवढेच त्याच्या आघूर्णाने फिरण्याला दिले. तुम्ही ती रक्कम वजा केली आणि उरलेल्या १९.६ मधून घूर्णनाचा वाटा पुन्हा काढला. एकच वजाबाकी दोनदा झाली. केवळ केंद्राच्या गतीचा हिशेब करायचा असेल तर घर्षण वजा करा, मात्र घूर्णन त्यात आणू नका. संपूर्ण वस्तूचा करायचा असेल तर घूर्णन घ्या आणि घर्षण सोडून द्या. दोन्हीकडे ३.६१ च येईल.

अभ्यासाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: शंकेपाशी थांबा. एकाच ठशाची वीस उदाहरणे सोडवल्याने ही चूक उघडकीस आली नसती. ती दोन मार्गांची उत्तरे ताडून पाहिल्यामुळे आली. आठवड्यातून दोन-तीन उदाहरणे तरी अशी दुहेरी सोडवा, आणि सूत्राला हात घालण्यापूर्वी आकृतीवर प्रत्येक बल कोठे लागते ते काढा. बल नुसते केंद्रावर दाखवण्याची सवय असेल, तर घूर्णन गतीत ती हमखास फसवते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. याच वस्तुमानाचे पातळ कडे घेऊन पुन्हा सोडवले. घर्षण ७.३५ न्यूटन, तळाशी वेग ३.१३ आणि दोन्ही गतिज ऊर्जा प्रत्येकी १४.७ ज्यूल आल्या, ७.३५ गुणिले २ सुद्धा १४.७ च. वृत्तचिती न घसरता घरंगळण्यासाठी स्थितिक घर्षण गुणांक (कमाल स्थितिक घर्षण आणि पृष्ठभागाला लंब असलेले बल यांचे गुणोत्तर) किमान ०.१९ लागतो, असेही काढले आहे. गुणांक त्याहून कमी असेल तर टेकलेला बिंदू घसरेल आणि मग काही ऊर्जा खरोखरच उष्णतेत जाईल, असे मला वाटते. ती किती, हे काढताना घर्षणाला केंद्राने कापलेल्या अंतराने न गुणता केवळ घसरलेल्या अंतराने गुणावे लागेल ना?

उत्तर

होय, घसरलेल्या अंतरानेच. त्या वेळी कोनीय त्वरण आणि रेषीय त्वरण यांचा परस्परसंबंध तुटलेला असतो, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे काढा. गुणांक ०.१ घेऊन सोडवा आणि उत्तर येथे लिहा.