विषय: पुतण्याला पूर्णवेळ कार्यकर्ता व्हायचंय, कुठे शिकावं?

(शिकागोहून, माहेर शहादा)

नमस्कार मंडळी,
दादाचा फोन होता. पुतण्याचं बी.ए. झालं. दादा म्हणतो बी.एड. कर, पोरगा म्हणतो मला संघटनेचंच काम करायचंय. इथे शेजारची मुलगी एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करतेय. किमान ९०० तास फील्डवर्क केल्याशिवाय पदवी नाही, आणि पुढे पगारी ऑर्गनायझर म्हणून लागायचा तिचा विचार आहे. आपल्या खान्देशात असं शिक्षण आहे का? दादाला काय सांगू?

(पूर्वी मिल्वॉकी, आता तळोदा)

ताई,
शिक्षण आहे, आणि त्यासाठी फार लांबही जायला नको. अमळनेर, चोपडा, जळगाव इथे समाजकार्य महाविद्यालयं आहेत. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला दोन वर्षांचं एम.एस.डब्ल्यू. करता येतं. ‘समुदाय संघटन’ हा तिथे स्वतंत्र विषय असतो. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला जायचं तर सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. तुळजापूरलाही त्यांचं आवार आहे.

पण कॉलेज निवडताना पोराने आधी विचारावं, क्षेत्रकार्याला, म्हणजे फील्डवर्कला, कुठे पाठवता? मला पहिल्या वर्षी एका संस्थेत पाठवलं होतं. वर्षभर रजिस्टरं उतरवली, सही-शिक्का मिळाला, शिकलो काही नाही. दुसऱ्या वर्षी हट्ट धरून अक्राणी तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावर गेलो. वनहक्काच्या दाव्यांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर कायद्याने हक्क मागण्याचं, काम चालू होतं. ग्रामसभेला निम्मे लोक हवेत, त्यांत एक तृतीयांश बाया, असा नियम. सभा सकाळी अकराला ठेवली; एकही बाई आली नाही. मी अहिराणीत समजावत होतो आणि समोर सगळे पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची भाषा, बोलणारे! शेवटी एका आजीनेच सांगितलं, दिवसा आम्ही रानात असतो, रात्री भाकरी झाल्यावर या, माझ्या अंगणात बसा. त्या रात्री अंगण भरलं. आजीने जमिनीवर काडीने रेघ ओढून दाखवली, नाला इथे, मोह इथे, इथून पुढे माझा सासरा नांगरायचा. म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरतात, हे मी वर्गात वाचलं होतं. लिहिताना हात थरथरत होता. तेव्हापासून मी आधी पावरी शिकायला लागलो, बाकीचं नंतर.

पोरगा शहाद्याचा आहे. १९७२ साली तिथेच आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारखे भिल्ल कार्यकर्ते आणि शहरातून आलेली शिकलेली मुलं एकत्र आली होती. त्याने घराजवळच्या जुन्या माणसांकडे बसून ते ऐकावं. कुठल्याही फीशिवाय मिळणारा अभ्यासक्रम आहे तो.

दादांची पोटाची काळजी रास्त आहे. संघटनेत मानधन तुटपुंजं असतं. ‘उमेद’सारख्या, बचत गटांचं काम करणाऱ्या सरकारी अभियानात प्रभाग समन्वयकाच्या जागा निघतात, पण त्या कंत्राटी. माझं मत विचाराल तर पदवी घ्यावी, कारण नोकरीच्या जाहिरातीत ती मागतात. मात्र त्याआधी सहा महिने पाड्यावर राहून बघावं. तिथे जीव रमला नाही तर बी.एड. आहेच, त्यात कमीपणा नाही.

(शिकागोहून)

भाऊ, तुमची मेल दादाला फोनवर वाचून दाखवली. आजीच्या रेघेपाशी त्याने थांबवलं, म्हणाला परत वाच. मग एवढंच विचारलं, पाड्यावर जेवायचं काय? पोरगा रविवारच्या एस.टी.ने तळोद्याला येतोय. वहिनी डबा देणार आहेत, दोघांपुरता.