सीपी (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलीला व्हायब्रेशन प्लेटवर उभं करावं का?

सईची आई, मिरज
सई ९ वर्षांची. धरून उभी राहते, चालत नाही. श्रावणात लेगिंग चढवताना तिचा पाय जरासा मुडपला आणि मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं. पडली नाही, आपटली नाही. ओठ घट्ट मिटून नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझ्याच हाताने झालं, हे डोक्यातून जात नाही. प्लास्टर निघून २ महिने झाले. ओळखीचे एकजण म्हणतात, थरथरणाऱ्या फळीवर उभं केलं की हाडं भरतात. जिममधलं जुनं मशीन द्यायला तयार आहेत. घेऊ का? फिटसाठी व्हॅलप्रोएट चालू आहे.

फिजिओ, कोल्हापूर
ताई, आधी ते मनातून काढा. ज्या पायांवर भार पडत नाही त्यांचं हाड नेमकं तिथंच ठिसूळ होतं; कपडे बदलताना मोडलेली मुलं मी पाहिली आहेत.

भार पडला की हाड भरतं, आणि थरथर म्हणजे बारीक बारीक भार, हे खरं. २००४ साली २० अपंग मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला: धक्का ०.३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा), सेकंदाला ९० वेळा थरथर (९० हर्ट्झ), आठवड्यातून ५ दिवस १०-१० मिनिटं, ६ महिने. नडगीच्या हाडाची घनता ६ टक्क्यांनी वाढली. बंद प्लेटवर उभी राहिली त्यांची १२ टक्क्यांनी घटली. पण २०१० मध्ये कॅनडातल्या प्रयोगात प्लेटवर उभं केलेल्या सीपीच्या मुलांचा चालण्याचा वेग वाढला, मांडीच्या हाडाला फायदा दिसला नाही. सईचं मोडलंय ते मांडीचंच.

जिमचं मशीन अजिबात नको, त्याचा धक्का २००४ च्या प्रयोगातल्या प्लेटच्या कितीतरी पट असतो. हाडाच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय कुठलीच प्लेट नको. ड जीवनसत्त्व तपासा. व्हॅलप्रोएटनेही हाडं विरळ होऊ शकतात, पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.

बाबा, पुणे
मुलाला सेंटरवर ४ महिने प्लेट दिली. गुडघे किंचित वाकवून उभं करायचे, नाहीतर थरथर डोक्यापर्यंत जाते. हाडांचं सांगता येणार नाही, पण उतरल्यावर तासभर पाय सैल असायचे. तेवढ्यात आम्ही त्याला ओट्याशी उभं करून शेंगा सोलायला द्यायचो.

सईची आई, मिरज
मशीनला नाही कळवलं. ड जीवनसत्त्व ११ आलं, म्हणजे कमीच; औषध सुरू झालंय. डॉक्टरांनी स्टँडिंग फ्रेमला (आधार देऊन उभं करणाऱ्या चौकटीला) परवानगी दिली. काल ७ मिनिटं उभी होती. खिडकीतून शाळेची रिक्षा दिसली तसा तिने हात केला.