आधी एक पावसाळा राहून बघ

दादा: सगळ्यांना नमस्कार. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय हे माहीतच आहे. आम्ही दोघांनी ठरवलंय, यापुढे निवांत खेड्यात राहायचं. लहानसं घर, चार झाडं, मोकळी हवा. एक प्लॉट आवडलाय, पण मालक घाई करतोय. काका, काकू, तुम्ही सहा वर्षं असंच राहताय म्हणून विचारतो. घेऊन टाकू का?

काका: अरे, फार आनंद झाला वाचून. प्लॉट बघितलास कधी?

दादा: पाऊस संपल्यावर लगेच. सगळीकडे हिरवंगार होतं. ओढा खळाळत होता.

काका: म्हणजे वर्षातले सगळ्यात चांगले दिवस बघितलेस. आता तीच जागा उन्हाळ्याच्या शेवटी बघ, विहिरीचा तळ दिसायला लागतो तेव्हा. मग चार दिवस झड लागलेली असताना बघ. रस्ता कुठे पाण्याखाली जातो, वीज किती तास येत नाही, हाक मारली तर कोण धावून येतं, हे तेव्हाच कळतं. प्लॉटला आत्ता हात लावू नकोस. त्याच गावात भाड्याने घर घे आणि उन्हाळ्यापासून पाऊस संपेपर्यंत राहून बघ.

वहिनी: पण काका, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतात. भाडं भरून पुन्हा घर बांधायचं म्हणजे दुप्पट खर्च नाही का?

काका: सूनबाई, आमच्याच घराचं सांगतो. समोर डोंगर दिसतो म्हणून मी पश्चिमेला मोठ्या काचा लावून घेतल्या. मिस्त्री सांगत होता, या बाजूला भिंतच बरी. मी ऐकलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात दुपारी तीननंतर त्या खोलीत बसवेना. खुर्चीचे लोखंडी हात धरले तर चटका बसायचा.

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २३.५ अंशांपर्यंत उष्ण कटिबंध. त्याच्या आत कुठेही राहा, सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. म्हणून भर दुपारी सगळ्यात जास्त तापतं ते छप्पर, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर येतं. घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला हव्यात, समोरासमोर खिडक्या हव्यात, आणि छप्पर इतकं पुढे हवं की पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील. हे मला वाचून माहीत होतं, तरी डोंगर बघून भुललो. तिसऱ्या वर्षी काचा काढल्या आणि तिथे पडवी काढली. एक उन्हाळा आधी गावात राहिलो असतो तर ती पडवी पहिल्याच नकाशात आली असती. दुप्पट खर्च तो झाला, सूनबाई.

काकू: कपाटाचं मी सांगते. पहिल्या पावसाळ्यात ह्यांचे चामड्याचे बूट काढले तर त्यावर हिरवट-पांढरी लव आलेली. ते पुसता आले. पण अल्बममधले फोटो दमटपणाने एकमेकांना चिकटले. माझ्या आईचा एक फोटो अलगद सोडवायला गेले, तर तिचा अर्धा चेहरा समोरच्या पानालाच राहिला. दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून फोटो आणि महत्त्वाचे कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. तुम्ही हलायच्या आधीच सगळे फोटो स्कॅन करून घ्या. हे काम मागे ठेवू नका.

वहिनी: काकू, वाचून वाईट वाटलं. माझ्याकडे आजीचे तसेच आहेत. याच आठवड्यात करते.

ताई: दादा, माझी काळजी वेगळी आहे. तुझी बीपीची गोळी आणि वहिनीचं इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वीज दोन दिवस गेली तर काय करायचं, हे आधी ठरवा. ओल्या मातीच्या भांड्यात ठेवायची युक्ती कोरड्या हवेत चालते. पावसाळी दमट हवेत पाण्याची वाफच नीट होत नाही, मग ते भांडं गार कसं होणार?

आणि दवाखाना जवळ आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. तर सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल किती लांब आहे? नकाशावर नाही, घड्याळ लावून गाडीने जाऊन बघ.

आत्या: आणि साप? मला तर तोच विचार येतो बाई.

काका: आत्या, असतात. गवत घराला लागून वाढू द्यायचं नाही, लाकडं भिंतीला टेकवून रचायची नाहीत, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. जमिनीवर झोपायचं नाही आणि मच्छरदाणी गादीखाली खोचूनच झोपायचं. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय शक्य तितका न हलवता सरळ हॉस्पिटल. सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठे मिळतं, हे राहायला जाण्याआधीच विचारून ठेवायचं.

काकू: मला सापापेक्षा डासांची धास्ती जास्त. डेंग्यूचा डास दिवसाही चावतो आणि कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यातसुद्धा वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावं लागतं. आठवड्याचा एक दिवस मी त्यालाच दिलाय.

दादा: खरं सांगू? वाचून थोडा खचलो. मग निवांतपणा आहे कुठे?

काका: आहे रे. भरपूर आहे. पण त्यासाठी घड्याळ बदलावं लागतं. सुरुवातीला मी शहराच्याच वेळेने चालायचो. उशिरा उठायचं, अकराला बागेत कुदळ घ्यायची. एके दिवशी चक्कर येऊन बांधावर बसलो. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग गार होत नाही. त्यात आपल्या वयात तहानही कमी लागते, पाणी आठवणीने प्यावं लागतं. शेजारचे शेतकरी काका मला सावलीत घेऊन गेले आणि म्हणाले, उन्हात आम्हीसुद्धा काम काढत नाही.

आता उजाडायच्या आधी उठतो. नऊपर्यंत बाग, मग सावली. दुपार ही वाचायची आणि पडायची वेळ. ऊन कललं की पुन्हा बाहेर. मावळतीनंतर अर्ध्या तासाच्या आत काळोख होतो, मग पडवीत दोन खुर्च्या टाकून आम्ही दोघं बसतो. कित्येकदा तासभर कोणी काही बोलत नाही.

मी एक वही ठेवलीय. उघड्यावर सरळ काठाचा डबा ठेवतो आणि रोज सकाळी सातला पट्टीने पाऊस मोजतो. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं. पहिली सर मी धूळ धुवायला सोडून देतो आणि बाकीचं टाकीत घेतो. आता शेजारचे लोक येऊन विचारतात, आज किती? गेल्या वर्षी याच दिवशी किती होता? कामावर असताना कुठलीही नोंद इतक्या आवडीने केली नव्हती.

वहिनी: काकू, माणसांचं काय? मला इथे रोज मैत्रिणी भेटतात.

काकू: पहिलं वर्ष जड गेलं. संध्याकाळ झाली की तुमच्या सगळ्यांची आठवण यायची. मग शेजारची एक मुलगी गणित विचारायला यायला लागली, तिच्यामागे तिची आई, मग आजी. एक वर्ष लागतंच, तेवढं धर.

दादा: मालकाला फोन केला. थांबणार नाही म्हणतो. म्हटलं, हरकत नाही. रविवारी त्याच गावात भाड्याचं घर बघायला जातोय, आणि आधी हॉस्पिटलचा रस्ता.

ताई: मी पण येते. दुपारी उशिरा निघू, म्हणजे हॉस्पिटलकडे जाताना अंधार पडलेला असेल.